जुन्या टर्बो गाडीला मोठे इंजेक्टर: मापापासून थंड स्टार्टपर्यंत

तिसरा गिअर, आरपीएमचा काटा साडेपाच हजारांच्या पुढे, बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) एक बारवर स्थिर. गाडी झकास ओढत होती. तेवढ्यात हवा आणि पेट्रोलचं गुणोत्तर दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरवरचा ११.६ चा आकडा हळूच १२.३ झाला, मग १२.९, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. आवाजात फरक नाही, ओढही कमी नाही; उलट क्षणभर गाडी जास्तच तरतरीत वाटली. त्या आकड्याकडे लक्ष होतं म्हणून पाय काढला. घरी येऊन लॉग उघडला तर ५,८०० आरपीएमला पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ९७ टक्के वेळ उघडेच होते. नळ पूर्ण सोडलाय आणि बादली काही भरत नाही, अशातली गत.

पुढचं सगळं पेट्रोलवर चालणाऱ्या आणि इनटेकच्या पोर्टमध्ये इंधन फवारणाऱ्या जुन्या टर्बो गाड्यांबद्दल आहे. डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये दाब इतके प्रचंड असतात की इथली कुठलीच कृती तिथे करू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोठ्या इंजेक्टरने ताकद वाढत नाही. ताकद जास्त हवा कोंबल्याने वाढते. इंजेक्टर फक्त त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देतो. आणि इंजेक्टर काढून दुसरे बसवणं हे एका दुपारचं काम आहे. नवीन इंजेक्टर कसा वागतो हे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) समजावण्यात आठवडे जातात. बहुतेकांचं गणित नेमकं उलटं असतं.

खरंच इंजेक्टर कमी पडतोय का?

फोर स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र म्हणजे क्रँकचे दोन फेरे. ६,००० आरपीएमला या दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात. एका चक्रात एकदाच फवारणी होत असेल तर इंजेक्टरला मिळणारा सगळा वेळ एवढाच. त्यातला किती टक्के वेळ तो उघडा राहतो, ती त्याची ड्युटी सायकल. हिशेब सोपा आहे: पल्स (एका फवारणीचा वेळ) मिलिसेकंदात घ्या, आरपीएमने गुणा, १,२०० ने भागा. १६ मिलिसेकंद आणि ६,००० आरपीएम म्हणजे ८० टक्के. काही जुन्या गाड्यांत सगळे इंजेक्टर एकदम आणि चक्रात दोनदा उडतात. तिथे ६०० ने भागायचं.

८० ते ८५ टक्क्यांच्या वर नियमित जाणारा इंजेक्टर बदलायला झाला असं समजा. त्याच्या पुढे तो नीट बंद व्हायच्या आत पुन्हा उघडायची वेळ येते आणि प्रवाहाचा भरवसा राहत नाही.

पण मिश्रण लीन होतंय (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि ड्युटी जेमतेम ६५ टक्के आहे, तर दोष इंजेक्टरच्या मापाचा नाही. फ्युएल रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीला) प्रेशर गेज जोडा आणि लोडखाली वाचा. गेज काचेवर बाहेरून चिकटवून सोबत्याला वाचायला बसवा. पेट्रोल भरलेला पाइप केबिनमध्ये आणू नका. या गाड्यांत रेलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) एक बारीक नळी येते. बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढायला हवा. मूळ दाब ३ बार आणि बूस्ट १ बार असेल तर गेजवर ४ बार दिसले पाहिजेत. ३.४ वरच अडकत असतील तर तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, पंपापर्यंत कमी पोचणारा व्होल्टेज किंवा फाटलेला रेग्युलेटर यांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे. बूस्ट १ बार असताना रेल ३ बारवरच राहिली, तर इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक २ बार उरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे सुमारे १८ टक्के पेट्रोल गेलं. इथे नवे इंजेक्टर बसवले तर खर्चही होईल आणि आजारही तसाच राहील.

माप काढताना हाव नको

इंजेक्टरचं माप मिनिटाला किती सीसी असं सांगतात, बहुतेकदा ३ बार दाबाला. काही ठिकाणी तासाला पाउंड असं लिहिलेलं असतं. १ पाउंड म्हणजे साधारण १०.५ सीसी धरा.

टर्बो पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला ०.५५ ते ०.६५ पाउंड इंधन पितं. मधला ०.६० घेतला तर एका अश्वशक्तीला मिनिटाला ६.३ सीसी. आता क्रँकवर ३०० अश्वशक्ती हवी असलेलं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. ३०० गुणिले ६.३ म्हणजे १,८९० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी ४७२. ८० टक्के ड्युटीवर बसवायचं म्हणून ०.८ ने भागा: ५९० सीसी. उलटा हिशेबही करून बघा. ४४० सीसीचे चार इंजेक्टर त्याच अटींवर साधारण २२३ अश्वशक्तीपर्यंत पुरतात.

ई८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर) चालवायचं असेल तर हा आकडा तसाच वापरू नका. पेट्रोलचं हवा-इंधनाचं रासायनिक गुणोत्तर वजनाने १४.७ ला १, ई८५ चं साधारण ९.८ ला १. म्हणजे घनफळाने साधारण चाळीसेक टक्के जास्त इंधन लागतं.

५९० आले म्हणून १,००० घ्यावेत का, पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून? जुन्या ईसीयूवर नको. मोठा इंजेक्टर वरच्या टोकाला सुखाचा असतो, त्रास देतो तो आयडलिंगला. का, ते पुढे येईलच.

थोडंच कमी पडत असेल तर आणखी एक वाट आहे: मूळ दाब वाढवणं. ३ चे ४ बार केले की त्याच इंजेक्टरमधून १५ टक्के जास्त पेट्रोल जातं. पण बूस्टसकट पंपाला आता ५ बारवर काम करावं लागतं, आणि दाब चढला की पंपाचा प्रवाह उतरतो. शिवाय नव्या दाबाचा हिशेब ईसीयूला सांगावाच लागतो.

बसेल का, आणि जळेल का?

बसण्याचा प्रश्न टेबलावर सुटतो. जुना इंजेक्टर काढून कॅलिपरने मोजा: वरच्या ओ-रिंगपासून खालच्या ओ-रिंगपर्यंतचं अंतर आणि दोन्ही ओ-रिंगांचा व्यास. वरची ओ-रिंग सहसा ११ किंवा १४ मिलिमीटरची असते. काही जपानी इंजिनांत, उदाहरणार्थ निसानच्या एसआर२०डीईटीच्या बऱ्याच गाड्यांत, पेट्रोल इंजेक्टरच्या बाजूने शिरतं. तिथे वरून पेट्रोल घेणारे इंजेक्टर लावायचे तर रेलच बदलावी लागते. कप्लर वेगळा असेल तर अडॅप्टर मिळतो, पण मी वायरला नवा कप्लर क्रिंप करतो. वीस-पंचवीस वर्षं उष्णता खाल्लेला प्लॅस्टिकचा कप्लर हात लावताच तुटतो, मग कशाला ठेवायचा?

जळण्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून इंजेक्टरच्या दोन पिनांवर लावा. १२ ते १६ ओहम आले तर हाय इंपीडन्स (जास्त विद्युत रोध), २ ते ३ आले तर लो. १४ व्होल्टला १२ ओहममधून जेमतेम १.२ अँपिअर जातो, अडीच ओहममधून साडेपाचच्या वर. हाय इंपीडन्ससाठी बनवलेल्या ईसीयूला थेट लो इंपीडन्स इंजेक्टर जोडले तर ईसीयूतले ड्रायव्हर (इंजेक्टर चालवणारे ट्रान्झिस्टर) जळायची वेळ येते. मित्सुबिशीच्या टर्बो ४जी६३सारख्या इंजिनांत लो इंपीडन्स इंजेक्टर असतात आणि प्रवाह आवरायला बॉनेटखाली उष्णता सोडणाऱ्या पात्यांचा अॅल्युमिनियमचा एक डबा असतो, रेझिस्टर पॅक. अशा गाडीत हाय इंपीडन्स इंजेक्टर घालत असाल तर तो पॅक बायपास करा. राहून गेला तर काही जळत नाही, पण इंजेक्टर आळसावतो, उशिरा उघडतो, आणि डेटाशीटमधला एकही आकडा लागू पडत नाही.

डेटाशीट! खरेदी करताना सीसीपेक्षा मी हा कागद आधी मागतो. वेगवेगळ्या व्होल्टेजला आणि दाबाला इंजेक्टर उघडायला किती वेळ घेतो याचा तक्ता, आणि संचातल्या प्रत्येक इंजेक्टरचा मोजलेला प्रवाह. चौघांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा सात टक्के उपाशी राहिला तरी एक्झॉस्टमधला वाइडबँड चौघांची सरासरीच दाखवतो. आकडा छान आणि एका पिस्टनचं मरण. नकली इंजेक्टरांचा बाजार मोठा आहे, आणि तिथे नेमका हाच कागद नसतो. वापरलेले घेतले तर अल्ट्रासॉनिक सफाई करून, बेंचवर प्रवाह, फवारा आणि गळती तपासूनच घ्या.

पंपाची परीक्षा

१,८९० सीसी मिनिटाला म्हणजे तासाला ११३ लिटर. वर २०-२५ टक्के राखीव धरले की १४० लिटर, तेही पूर्ण बूस्टच्या दाबाला. पंपाच्या खोक्यावरचा आकडा सहसा कमी दाबाचा आणि भरपूर व्होल्टेजचा असतो.

मी असं मोजतो. गाडी उघड्यावर, इंजिन थंड आणि बंद, जवळ अग्निशामक. रेग्युलेटरची रिटर्न नळी सोडवून धातूच्या डब्यात नेऊन घट्ट बांधायची. रेग्युलेटरच्या बारीक नळीला हातपंप लावून १ बार हवा भरायची. त्याला वाटतं बूस्ट आलाय. मग फक्त पंप ३० सेकंद चालवायचा, स्विच डब्यापासून लांब ठेवून. जमलेलं पेट्रोल मोजून १२० ने गुणलं की तासाचा प्रवाह. ३० सेकंदांत १.२ लिटर जमले तर १४४, म्हणजे पास. बॅटरी साडेबारावर असते आणि चालत्या गाडीत चौदाच्या आसपास, त्यामुळे ही चाचणी पंपाला थोडी कडकच पडते. पडू द्या.

चाचणीत नापास झालात तर नवा पंप घ्यायच्या आधी पंपाच्या पिनांवरचा व्होल्टेज बघा. बॅटरीवर १४ आणि पंपावर ११.६ असेल तर जाड वायर आणि स्वतंत्र रिले टाकून जुनाच पंप पुन्हा तरुण होतो. फिल्टर मात्र डोळे झाकून बदला.

ईसीयूचा निकाल खरेदीआधीच लावा

प्रोग्रॅम होणारा ईसीयू असेल तर उत्तम. काही जुन्या ईसीयूंत चिप बदलून इंजेक्टरचं माप आणि डेड टाइम (उघडताना वाया जाणारा वेळ, तो पुढे येतोच) बदलता येतो, तेही चालतं. मला नावडता तिसरा प्रकार म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरच्या वायरीत बसणारी डबी. इंजेक्टर ३० टक्के मोठे लावले, तर ती मीटरचा सिग्नल त्या प्रमाणात कमी करते. पेट्रोल बरोबर पडतं, मीटरवर आकडा गोड दिसतो. पण ईसीयूला वाटतं हवाच कमी येतेय, गाडी निवांत चालली आहे. मग तो इग्निशनच्या तक्त्यात कमी लोडचा रकाना उघडतो आणि ठिणगी आगाऊ देतो. भर बूस्टमध्ये आगाऊ ठिणगी म्हणजे नॉकिंगला (सिलिंडरमधल्या अनियंत्रित स्फोटाला) आमंत्रण. ज्या डब्यांना टायमिंगही मागे घेता येतं, त्यांचा विचार तरी होऊ शकतो.

बसवणी

रात्रभर थंड झालेली गाडी घ्या. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करून बंद पडू द्या, वर दोनदा सेल मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तरीही रेलमध्ये अर्धा कप पेट्रोल राहतंच, नळी सोडताना खाली चिंधी धरा.

इंजेक्टर उपसण्याआधी त्यांच्या बुडाभोवती कॉम्प्रेसरने हवा मारा. तिथे वर्षानुवर्षांची वाळू जमलेली असते, आणि इंजेक्टर निघाला की ती सरळ व्हॉल्व्हच्या दिशेने जाते. कप्लरांना १, २, ३, ४ अशा पट्ट्या लावा. पट्ट्या न लावण्याइतका हुशार मी एकदा होतो.

रेल इंजेक्टरांसकट एकसारखी वर उचला, वाकडी करू नका. भोकं स्वच्छ पुसून कापडाने झाका. जुने रबरी इन्सुलेटर दगड झालेले असतील तर नवे घ्या. ओ-रिंगा तर नव्याच, आणि पेट्रोल सहन करणाऱ्या व्हायटनच्या. बोटावर स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब घेऊन ओ-रिंगला फिरवा आणि इंजेक्टर रेलमध्ये दाबताना किंचित पीळ देत बसवा. चर्रकन अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, बाहेर काढा. बसल्यावर प्रत्येक इंजेक्टर दोन बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर ओ-रिंग दुमडली आहे.

माझ्या गाडीत तीन फिरले, चौथा थोडा जड लागला. असेल म्हणून पुढे गेलो. बॅटरी जोडून चावी ऑन केली, पंप दोन सेकंद गुणगुणला, टॉर्च मारली, सगळं कोरडं. दुसऱ्यांदाही कोरडं. तिसऱ्यांदा वास आला, आणि चौथ्या इंजेक्टरच्या गळ्याशी मोहरीएवढा थेंब फुगून मॅनिफोल्डवर ओघळला. काढून पाहिलं तर ओ-रिंगच्या कडेला नखाने कुरतडल्यासारखी चीर. इंजिन गरम असताना हे झालं असतं तर हा लेख वेगळ्या विषयावर असता. म्हणून चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा, आणि प्रत्येक वेळी रेलच्या खालून कोरड्या टिश्यूने पुसून बघा. गेजवरचा दाब पंप थांबल्यावर लगेच कोसळत असेल आणि बाहेर थेंब नसेल, तर एखादा इंजेक्टर आत गळतोय अशी शंका घ्या. मग स्पार्क प्लग काढल्याशिवाय सेल मारू नका. सिलिंडरमध्ये साठलेलं पेट्रोल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

जुन्या रबरी नळ्याही याच वेळी बदला. इंजेक्शनच्या दाबासाठीची नळी मागा. कार्बुरेटरच्या गाड्यांची साधी नळी दिसायला तशीच असते आणि इथे टिकत नाही.

डेड टाइम: सगळी गोम इथे

ईसीयूने करंट सोडल्यापासून इंजेक्टरची सुई प्रत्यक्ष उचलली जाईपर्यंत थोडा वेळ फुकट जातो, १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद. तो पल्समध्ये मोजला जातो, पण त्यात पेट्रोल पडत नाही.

समजा जुन्या ४४० सीसीच्या इंजेक्टरची आयडलिंगची पल्स २.६ मिलिसेकंद होती. त्यातला १.० डेड टाइम, म्हणजे कामाचे १.६. आता ८८० बसवले आणि त्यांचाही डेड टाइम १.० आहे. माप दुप्पट म्हणून कुणी पल्स निम्मी, १.३ केली, तर कामाचे उरतात ०.३. इंजिन सुरू होऊन लगेच मरेल. खरी पल्स हवी ०.८ अधिक १.० म्हणजे १.८. आणि डेड टाइममध्ये नुसती ०.१ ची चूक झाली, तर ०.८ वर ती साडेबारा टक्के होते. पूर्ण लोडवरच्या १५ मिलिसेकंदांत तीच एक टक्क्याहूनही कमी. म्हणूनच मोठे इंजेक्टर वर गुळगुळीत चालतात आणि सिग्नलला गाडी थरथरते.

व्होल्टेज उतरला की हा वेळ वाढतो, म्हणून ईसीयूला एक आकडा पुरत नाही, तक्ता लागतो. माझं आयडलिंग दिवसा घड्याळासारखं होतं. रात्री हेडलाइट लावले, रेडिएटरचा पंखा फिरला, आणि इंजिन उसासे टाकायला लागलं. व्होल्टेज १४.१ वरून १३.२ झाला होता आणि १३ च्या रकान्यात मी अंदाजाने आकडा भरला होता. ही चाचणी मुद्दाम करा: इंजिन गरम, आयडलिंगला, क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयू स्वतः करतो ती दुरुस्ती) बंद. लाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर एकेक करून लावा आणि लॅम्बडाकडे (मिश्रणाचा आकडा: १ च्या वर लीन, खाली रिच म्हणजे पेट्रोल जास्त) बघा. आकडा सरकला तर त्या व्होल्टेजचा डेड टाइम चुकलाय. लीन गेला तर वाढवा, रिच गेला तर कमी करा. आयडलिंग हाताशी आलं की इंधनाच्या तक्त्यात हात घाला, त्याआधी नाही; नाहीतर डेड टाइमची चूक तक्त्यात लपते आणि महिनाभर छळते.

लोडखाली

गाडीसोबत आलेला साधा ऑक्सिजन सेन्सर भर बूस्टमध्ये काही कामाचा नाही, तो फक्त लीन की रिच एवढंच सांगतो. वाइडबँडच हवा. सुरुवात कमीत कमी बूस्टवर, एका लांब गिअरमध्ये, शक्य असेल तर डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). पूर्ण लोडला पेट्रोलवर ११.५ ते १२ च्या मध्ये, म्हणजे लॅम्बडा ०.७८ ते ०.८२, हे सुरक्षित घर. प्रत्येक धावेनंतर लॉगमध्ये चार गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा: लॅम्बडा, ड्युटी, रेलचा दाब, नॉक. चारही ठीक दिसले तरच बूस्ट थोडा वाढवा. जुना आकडा ९७ होता. मी ६०० सीसीवर गेलो आणि त्याच बूस्टला ड्युटी ७१ वर आली.

ट्यूनिंगच्या दिवसांत गाडी हमखास रिच चालते. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिक नाकाशी धरा, वास येतोच. काम संपलं की ऑइल आणि फिल्टर बदला.

थंड स्टार्टचा तक्ता मात्र घाईने होत नाही. गाडी पूर्ण थंड व्हायला रात्र जाते, म्हणून दिवसाला एकच प्रयत्न मिळतो. माप वाढलंय त्या प्रमाणात क्रँकिंगचे (सेल मारताना पडणाऱ्या पेट्रोलचे) आकडे आधी कमी करा, नाहीतर पहिल्याच सकाळी प्लग भिजतील. मग रोज सकाळी एकच आकडा बदला, किती सेकंद सेल मारावा लागला ते वहीत लिहा, आणि गाडी काढा. मला अकरा सकाळी लागल्या.